वाईट मंगळवारचा हिशेब : नोकरी सांभाळून कादंबरीचं उद्दिष्ट कसं आखावं

माझ्याकडे सहा डायऱ्या आहेत. सहाही नवीन वर्षाला ऑफिसातून मिळालेल्या, सहाही पहिल्या पानानंतर जवळजवळ कोऱ्या. त्या पहिल्या पानावर दर एक जानेवारीला मी तेच वाक्य लिहिलंय : 'या वर्षी रोज एक हजार शब्द.' संक्रांतीपर्यंत संकल्प कसाबसा टिकायचा. एका वर्षी तर चार तारखेलाच गळाला.

मी बँकेत अधिकारी आहे. शाखा मुंबईत फोर्टात, घर डोंबिवलीत. पहाटे साडेपाचला ओटा, दोन डबे, आठच्या सुमाराची लोकल, परत यायला साडेसात-आठ. आणि दिवसभराचं काम काय, तर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासणं. पगार किती, कापून हातात किती, त्यातून हप्ता किती झेपेल. चाळीस हजार हातात येणाऱ्या माणसाला पस्तीस हजारांचा हप्ता मी कधी मंजूर केला नसता. स्वतःला मात्र सहा वर्षं तोच मंजूर करत होते.

सातव्या वर्षी हिशेब बदलला. साठ हजार शब्दांची कादंबरी हे मुद्दल तसंच ठेवलं. हप्ता झेपेल इतका खाली आणला आणि मुदत वाढवली. कादंबरीला तीन वर्षं लागली. पुढे जे सांगतेय ते त्या तीन वर्षांतलं आहे. तुमची नोकरी शाळेतली, कारखान्यातली किंवा आयटीतली असेल तर आकडे वेगळे येतील. रीत मात्र बहुतेक हीच लागू पडेल.

आधी तीन आठवडे नुसतं मोजा

उद्दिष्ट ठरवू नका. एक साधी वही घ्या, चार रकाने आखा : तारीख, बसले ती वेळ, उठले ती वेळ, शब्द. पाचवा रकाना शेऱ्याचा. तीन आठवडे जमेल तेव्हा बसा, काहीही लिहा, आणि खरे आकडे भरा. ही वही कुणाला दाखवायची नाहीये, त्यामुळे खोटं लिहून फायदा नाही.

माझ्या एकवीस दिवसांत तेरा बैठका झाल्या. त्यात दोन सुट्टीचे शनिवार होते, त्या दिवशी ७४० आणि ६६० शब्द. बाकीच्या अकरा बैठकांची सरासरी निघाली २८०, आणि बैठक साधारण चाळीस मिनिटांची. सगळ्यात वाईट दिवस होता दुसरा मंगळवार. त्या दिवशी बँकेत हिशेबाची टॅली जुळायला उशीर, त्यात लोकलचा गोंधळ, घरी आले तेव्हा साडेनऊ. ९५ शब्द. शेऱ्यात लिहिलंय : 'पाय सुजलेत. आत्याबाईंचं वाक्य बरं आलं.' आत्याबाईंचं ते वाक्य कादंबरीत शेवटपर्यंत राहिलं.

तो मंगळवार फार महत्त्वाचा आहे. आपण उद्दिष्ट ठरवतो ते रविवारी दुपारी, जेवण झालेलं असताना, पंख्याखाली. ते पाळायचं असतं मंगळवारी रात्री साडेनऊला. म्हणून रोजचा किमान हप्ता सगळ्यात वाईट दिवसाच्या आकड्याहूनही जरा खाली ठेवायचा. मी ऐंशी शब्द ठेवला. लोकांना हसू येतं. येऊ दे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यापायी माझी काही वर्षं फुकट गेली. रोज हजार, रोज दोन हजार हे आकडे आपण इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या सल्ल्यातून उचलतो. मराठी शब्द तसा मोजता येत नाही. आपले प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'दारातल्या खुर्चीवरून' हे आपले दोन शब्द. हेच इंग्रजीत सांगायला सहा लागतात. सगळीकडे इतका फरक पडत नाही, पण पडतो. तेव्हा मराठीत सातशे शब्द झाले तर दिवस वाया गेला असं समजू नका.

वर्षातून आधी वजाबाकी

कॅलेंडर भिंतीवरून खाली काढा आणि लाल पेन घ्या. ज्या आठवड्यात लिहिणं होणारच नाही तो आताच खोडायचा. 'बघू, जमलं तर' हा प्रकार नको.

माझं वर्ष असं : बावन्न आठवडे. मार्च पूर्ण आणि एप्रिलचा पहिला आठवडा क्लोजिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या वर्षअखेरच्या हिशेबात, पाच गेले. जून, सप्टेंबर, डिसेंबर या तिमाही अखेरीचा एकेक, तीन गेले. गणपतीचे दोन, कारण आमचे गणपती गावी, कोकणात, आणि जाण्या-येण्यातच निम्मा जीव जातो. दिवाळीचे दोन. मुलाच्या परीक्षेचा एक. मे महिन्यातल्या लग्नांचा एक. आजारपणाचे दोन, कोण आजारी पडणार ते माहीत नसतं, पण कुणीतरी पडतंच. एकूण सोळा गेले, छत्तीस उरले.

छत्तीस आठवडे, आठवड्याला चार बैठका, म्हणजे १४४. ऐंशी ही किमान, वर्षाचा हिशेब सरासरीवर; प्रत्येकी २८० धरले तर ४०,३२० शब्द. शिवाय शनिवार. १ सप्टेंबर २०१५ पासून महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते. वर्षाचे चोवीस, खोडलेल्या आठवड्यांतले सोडले तर सोळा हाताशी. प्रत्येकी ७०० धरून ११,२००. बेरीज ५१,५२०.

आठवड्याला सात बैठका का नाहीत? कारण मोजणीत चारच आल्या होत्या. हातात येतो तोच पगार धरायचा. ओव्हरटाइम मिळेल तेव्हा मिळेल.

यातून दर वर्षी एक कथा दिवाळी अंकासाठी लिहायची होती, तिला सहा आठवडे दिले. चोवीस बैठका आणि तीन शनिवार, म्हणजे ८,८२० शब्दांची जागा तिकडे गेली. पाच हजारांच्या कथेला इतकी जागा कशाला, असं विचाराल. कथा एकदा लिहून होत नाही, म्हणून. कादंबरीसाठी वर्षाला उरले ४२,७००. साठ हजारांना सतरा महिने लागतील असा हिशेब आला. मला एकोणीस लागले.

आता हेच पुढे वाढवा. पहिला खर्डा दीड वर्ष. मग दोन महिने हस्तलिखित कपाटात. दुसरा खर्डा नऊ महिने, तिसरा सहा. तीन वर्षं होतात. 'तीन वर्षं' हा शब्द पहिल्यांदा कागदावर लिहिला तेव्हा मला रडू आलं होतं, खरं सांगते. मग लक्षात आलं की सहा वर्षं तर डायऱ्यांत गेलीच आहेत.

महत्त्वाकांक्षा कुठे ठेवायची, हा सगळा प्रश्न आहे. रोजच्या आकड्यात ठेवली तर पहिल्या आजारपणात ती मोडते. लेखनाच्या दर्जात आणि आवाक्यात ठेवा. तीन पिढ्यांची गोष्ट लिहायची आहे ना, मग तीनच पिढ्यांची लिहा, नोकरी आहे म्हणून दीड करू नका. कादंबरीकारांपैकी श्री. ना. पेंडसे मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टमध्ये नोकरी करत होते, जयवंत दळवी मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात होते. त्यांच्या लेखनाचा आवाका हजेरीपटानं ठरला नाही.

पहाट, रात्र की लोकल

अँथनी ट्रोलप हा इंग्लंडच्या टपालखात्यातला अधिकारी. १८३४ साली कारकून म्हणून लागला, १८६७ साली नोकरी सोडली आणि आयुष्यभरात ४७ कादंबऱ्या लिहिल्या. नोकरी करून लिहिणाऱ्यांचा तो कुलदैवतच म्हणायचा. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली निघालं, त्यात त्यानं सगळा हिशेब मांडलाय. पहाटे साडेपाचला टेबलापाशी, समोर घड्याळ, पाव तासाला २५० शब्द. आठवड्याला सरासरी चाळीस पानं, आणि पान म्हणजे किती याबद्दल वाद नको म्हणून तेही २५० शब्दांचं ठरवलेलं. कमीत कमी वीस पानांचा आठवडा, जास्तीत जास्त ११२. म्हणजे त्यालाही वाईट आठवडे होते आणि ते त्यानं वहीत नोंदवले होते. मला त्याचा वेग उसना घ्यायचा नव्हता, वही घ्यायची होती.

शिवाय त्याच आत्मचरित्रात हेही आहे की पहाटे उठवायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तो कॉफीही आणायचा. आमच्या घरी तो नोकर मीच. म्हणून पहाट माझ्या उपयोगाची नाही. पहाटे पाण्याची वेळ असते, कुकर असतो, मुलाचा मोजा सापडत नसतो. ज्यांना पहाट मिळते त्यांनी जरूर घ्यावी, डोकं तेव्हा ताजं असतं. पण 'खरे लेखक पहाटे लिहितात' असं कुणी सांगितलं तर त्यांच्या घरी पोळ्या कोण करतं ते विचारा.

माझी वेळ रात्री पावणेदहा ते साडेदहा. भांडी झाली, मूल झोपायला गेलं, टीव्ही सासूबाईंच्या खोलीत. वहीत शोधलं तर तुमचीही अशी एक खाच सापडेल. लांबीपेक्षा ती रोज त्याच जागी असणं जास्त कामाचं. शिफ्टवाल्यांना हे जमत नाही. त्यांनी वेळेऐवजी घटना धरावी. उदाहरणार्थ, सेकंड शिफ्ट सुटून घरी आल्यावर, आंघोळीनंतर, जेवणाआधी. शिफ्ट बदलली तरी आंघोळ बदलत नाही.

लोकलबद्दल सविस्तर सांगते, कारण तिथे लोक फार आशा ठेवतात. डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट गाडीला तासाच्या वर वेळ लागतो, जाऊन-येऊन सव्वादोन तास धरा. वाटतं, केवढा वेळ! पण सकाळी लेडीज डब्यात दोन पायांवर नीट उभं राहता आलं तरी खूप. फोर्थ सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथी जागा, मिळाली तर एक मांडी बाहेर आणि पर्स पोटाशी. तिथे नवीन प्रसंग लिहिता येत नाही, मी दोन महिने प्रयत्न करून पाहिला. आधी लिहिलेलं वाचता मात्र येतं. रात्रीचा मजकूर फोनवर घ्यायचा आणि उभ्यानं वाचत खटकलेल्या ओळींपुढे नुसती फुली मारायची. बदल रात्री. संवाद तर तिथे फुकट मिळतात. भाजी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायका ज्या वेगानं सुनेची, साहेबांची आणि डॉक्टरची गोष्ट एकाच दमात सांगतात, तो वेग मला घरी बसून सुचला नसता. (ऐकलेलं जसंच्या तसं वापरू नका. त्या बायका वाचतात.)

स्टेशनपासून घरापर्यंतची पंधरा मिनिटं मी फोनवर बोलून टाइप करते. मराठी व्हॉइस टायपिंग आता बऱ्यापैकी चालतं. पूर्णविराम पडत नाहीत, जोडाक्षरांची कधीकधी फजिती होते, आणि कादंबरीतल्या 'माई'चं दर वेळी 'मे' व्हायचं. पण उद्याच्या प्रसंगात कोण काय बोलणार एवढं त्यात पकडता येतं. रस्त्यानं हातवारे करत बोलणारी बाई आता कुणाला विचित्र वाटत नाही, सगळे फोनवरच असतात.

घरातली मंजुरी

ही पायरी पुरुष लेखक बहुधा गाळतात.

पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "रोज रात्री काय गं हिशेब करतेस? बँकेत काही घोळ झालाय का?" मी म्हटलं, "आई, गोष्ट लिहितेय." त्या म्हणाल्या, "मग दिवा लाव की मोठा. डोळे जातील." एवढ्यावर निभावलं, पण सगळ्यांच्या घरी निभावत नाही हे मला माहीत आहे.

'मला लिहायला वेळ हवा' असं मोघम मागू नका. मोघम मागणीला मोघम होकार मिळतो आणि तो पहिल्या पाहुण्याबरोबर निघून जातो. वार, वेळ आणि बदल्यात काय, असं मागा. आमच्याकडे ठरलं ते असं : सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार रात्री पंचेचाळीस मिनिटं मला हाक मारायची नाही. महिन्यातले ते दोन सुट्टीचे शनिवार सकाळी नऊ ते अकरा, नवरा मुलाला क्लासला नेणार आणि येताना भाजी आणणार. बदल्यात रविवारची सकाळ त्याच्या क्रिकेटची. बुधवारी सगळे एकत्र जेवतो, त्या दिवशी वही उघडायचीच नाही. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. मुदतही लिहिली, कारण 'आयुष्यभर' म्हटलं की माणूस घाबरतो आणि 'दिवाळीपर्यंत' म्हटलं की तयार होतो. दिवाळी झाल्यावर पुन्हा बोलायचं.

बैठकीत नेमकं काय करायचं

चाळीस मिनिटांतली पहिली पंधरा 'आता काय लिहू' यात गेली तर काही उरत नाही. म्हणून उठायच्या आधी उद्याची चिठ्ठी लिहायची. 'पुढे लिहा' किंवा 'प्रकरण ४' असली नाही, तर अशी : 'माई ट्रंक उघडते, वर धाकट्याचं स्वेटर. थोरली दारात. आधी थोरली बोलते.' दुसऱ्या दिवशी बसलं की पहिलं वाक्य तयार असतं. थकलेलं डोकं निर्णय घेऊ शकत नाही, पण सांगकाम्यासारखं लिहू शकतं.

मागचं वाचायचं ते फक्त शेवटच्या परिच्छेदापुरतं. पहिलं प्रकरण पुन्हा सुधारायचा मोह होतो. मी तीन महिने एकच पहिलं प्रकरण घासत बसलेली माणसं पाहिली आहेत, त्यांत एक मी. सुधारणा सुचली तर वहीच्या मागच्या पानावर टिपा, 'प्र. २ मध्ये आत्याबाईंना चष्मा द्या' अशी. पुढचं लिहिताना त्यांना चष्मा आहे असंच धरून चालायचं.

टायपिंगचं थोडक्यात. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, लिहा. काही प्रकाशक अजून जुने फॉन्ट वापरतात, रूपांतर त्यांच्याकडे होतं, पण त्यात जोडाक्षरं आणि रफार हलतात, म्हणून मजकुराबरोबर पीडीएफही पाठवावी. दर शुक्रवारी फाइल स्वतःलाच ईमेल करा, विषयात तारीख घाला. हातानं लिहिणारे असाल तर दर शनिवारी पानांचे फोटो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हस्तलिखित ठेवू नका. बदलीची ऑर्डर आली की लॉगिन दुसऱ्या दिवशी बंद होतं.

नव्वद दिवस

बँकेत मुद्दलाचा किंवा व्याजाचा हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. माझंही झालं. दुसऱ्या वर्षी मार्च एंड, त्यातच सासऱ्यांचं ऑपरेशन, मग मला दुसऱ्या टेबलावर टाकलं. फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत वही उघडली नाही.

अशा वेळी माणूस थकबाकी भरायला बघतो. 'चार महिन्यांचे चौदा हजार शब्द राहिलेत, आता रोज दुप्पट.' असं करू नका. थकबाकी माफ, तीही पूर्ण. रोजचा आकडा तोच राहील, पुढे सरकेल ती शेवटची तारीख. एक दिवस चुकला तरी हाच नियम. कालचे ऐंशी आज भरायचे नाहीत, आज फक्त आजचे.

लांब खंडानंतर पुन्हा सुरू करताना पहिले तीन दिवस नवीन काही लिहू नका. पहिल्या दिवशी आतापर्यंतचं सगळं सलग वाचा, पेन हातात न घेता. दुसऱ्या दिवशी एका पानावर लिहा, गोष्ट कुठवर आली आणि कुणाचं काय राहिलंय. तिसऱ्या दिवशी फक्त चिठ्ठी. चौथ्या दिवशी ऐंशी शब्द. मी जूनमध्ये हे केलं तेव्हा वाचताना कळलं की मधल्या दोन प्रकरणांत काहीच घडत नाही. ती काढून टाकली. सलग लिहीत राहिले असते तर बहुधा तिसरंही तसंच लिहिलं असतं.

आणि खातं बुडीतच निघत असेल तर? नव्वद दिवसांत त्या गोष्टीची एकदाही आठवण आली नसेल, लोकलमध्ये उभं असताना एकही पात्र डोक्यात बोललं नसेल, तर दुसरी गोष्ट घ्या. माझ्या कपाटात अशा दोन आहेत.

बाहेरची तारीख घ्या

स्वतःला दिलेली तारीख आपण मोडतो, दुसऱ्याला दिलेली सहसा नाही. मराठीत लिहिणाऱ्याला यासाठी एक फार जुनी सोय आहे. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, मराठीतला पहिला, तेव्हापासून वर्षातून एकदा कथेची मागणी ठरलेली. अंक दिवाळीला येत असला तरी मजकूर बराच आधी लागतो, बरेच संपादक जून ते ऑगस्टच्या दरम्यान मागतात. म्हणजे कथेचे सहा आठवडे एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत बसतात. माझ्या क्लोजिंगनंतर लगेच. लग्नाचा आठवडा मध्ये येतो, तो सोडायचा.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. नकार आला किंवा ठरलेली मुदत संपली की पुढे. 'घाई नाही, सवडीनं वाचा' असं पत्रात लिहू नका, खरंच सवडीनं वाचतात. मानधनाचं आधी विचारायला लाजू नका. काही ठिकाणी ते मिळतं, काही ठिकाणी नुसता अंक, आणि तोही मागून घ्यावा लागतो. पहिल्या दोन कथा साभार परत आल्या. तिसरी एका जिल्ह्याच्या गावातून निघणाऱ्या अंकात आली, पानाच्या मधोमध पतसंस्थेची जाहिरात. तो अंक सासूबाईंनी शेजारच्या चार घरांत फिरवला आणि परत आला तेव्हा त्यावर चहाचा गोल होता.

पुस्तक पहिलंच असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडे लक्ष ठेवा. पहिल्या पुस्तकासाठी प्रकाशनाला अनुदान मिळतं, हस्तलिखितं जाहिरात देऊन मागवतात. अटी आणि तारखा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून कॅलेंडरवर टाकायच्या. निवड होवो न होवो, पूर्ण, स्वच्छ प्रत अमुक दिवशी तयार पाहिजे ही गरज खूप कामं उरकून घेते.

नोकरीचे नियम

हे कंटाळवाणं आहे, पण पुस्तक छापून आल्यावर आठवण्यापेक्षा आधी वाचलेलं बरं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाच्या लेखनाला पूर्वपरवानगीची सक्ती नाही; सरकारच्या धोरणावर टीका मात्र वेगळ्या नियमात येते. राज्य सरकार, बँका, खासगी कंपन्या यांचं आपापलं वेगळं असतं. नेमणूकपत्र आणि सेवानियम काढून तेवढं कलम वाचा, शंका असेल तर लेखी विचारा आणि उत्तर फाइलला ठेवा.

ग्राहकाची, पेशंटची, विद्यार्थ्याची गोष्ट नाव बदलून वापरणं पुरेसं नाही. गाव, धंदा, रक्कम, आजार, यावरून माणूस ओळखू येतो. माझ्या कादंबरीत एकही कर्जदार नाही. बँकसुद्धा नाही. लोक विचारतात, एवढा अनुभव असून का नाही? रात्री पावणेदहाला मला पुन्हा शाखेत जायचं नव्हतं, म्हणून.

रजा कशासाठी राखायची

सगळ्यांची चूक एकच : पहिला खर्डा लिहायला आठवडाभर रजा टाकतात. त्यातले दोन दिवस झोपेत जातात, एक बँकेच्या नाहीतर आधारच्या कामात, एक पाहुण्यांत. उरलेल्या दिवसांत इतका वेळ समोर असतो की भीती वाटते. पहिला खर्डा हप्त्यानं होतो. सलग वेळ लागतो तो दुसऱ्या खर्ड्याला, कारण तेव्हा सगळी कादंबरी एकदम डोक्यात धरावी लागते. पहिल्या प्रकरणात लपवलेलं पत्र चौदाव्यात सापडतं की नाही ते चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत कळत नाही.

म्हणून पीएल (हक्काची रजा) साठवा आणि दुसऱ्या खर्ड्याच्या सुरुवातीला सलग पाच-सहा दिवस घ्या, शनिवार-रविवार जोडून. बँकवाल्यांना आणखी एक गंमत आहे. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दहा कामाचे दिवस सलग, पूर्वसूचना न देता रजेवर पाठवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हेतू गैरप्रकार उघडकीला यावेत हा. मला ती रजा एका गुरुवारी संध्याकाळी मिळाली, उद्यापासून येऊ नका म्हणून. सहकारी धास्तावतात. माझी पिशवी तयार होती : छापील हस्तलिखित, लाल-निळी पेनं, प्रकरणांच्या नावाची छत्तीस कार्डं.

घरी न बसता गावच्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात गेले. सकाळी दहा ते एक, परत जेवायला, मग चार ते सहा. पहिल्या दिवशी कार्डं टेबलावर मांडून नुसती सरकवली. दुसऱ्या दिवसापासून रोज चार-पाच प्रकरणं, फक्त तीन प्रश्न घेऊन : इथे काय बदललं, ते कुणाच्या लक्षात आलं, आणि हे प्रकरण काढलं तर कोण ओरडेल. नऊ दिवसांत छत्तीसची एकतीस कार्डं झाली. दहाव्या दिवशी झोपले.

तिसऱ्या खर्ड्याला रजा लागत नाही, तो मोठ्यानं वाचण्याचा असतो. रोज चार-पाच पानं, दार लावून. जिथे जीभ अडखळते तिथे फुली. मग झेरॉक्सच्या दुकानातून दोन प्रती, स्पायरल बाइंडिंग, एका बाजूला छापलेल्या, म्हणजे मागच्या कोऱ्या पानावर वाचणाऱ्याला लिहिता येतं. एक प्रत अशा माणसाला द्या जो भरपूर वाचतो आणि तुमचा नातेवाईक नाही. दुसरी अशाला, जो कादंबऱ्या फारशा वाचत नाही पण गोष्टीतलं जग ज्याच्या ओळखीचं आहे. माझी गावच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेली. ऑफिसातल्या कुणालाही देऊ नका, लंच टाइमला समोर बसावं लागतं. पहिल्या पानावर पेन्सिलीनं परत घ्यायची तारीख लिहा, सहा आठवड्यांनंतरची. पोस्टमास्तरांनी पाचव्या आठवड्यात फोन केला. कादंबरीबद्दल काही न बोलता म्हणाले, "त्या वर्षी आपल्याकडे मनीऑर्डरचा फॉर्म पांढरा नव्हता. बाकी भेटल्यावर सांगतो."